हक्कसोड पत्रावर सही केली नाही, तर क्षमा केली नाही असं होतं का?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वडील चार वर्षांपूर्वी वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे गावचं घर आणि दोन एकर शेत. तुम्ही दोघंच, एक भाऊ आणि तुम्ही. आई भावाजवळ असते. दोन वर्षांपूर्वी भावाने हक्कसोड पत्राचा मसुदा पुढे ठेवला, तुम्ही सही केली नाही, आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. आईसाठी फोन केला तर भाऊ उचलतो आणि न बोलता ठेवून देतो, म्हणून आता तुम्ही फोनही करत नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं, ‘क्षमा करा आणि सही करून मोकळ्या व्हा, जमीन काय वर न्यायची आहे?’ सही करवत नाही, म्हणजे आपल्या मनात क्षमा नाही असं तुम्हाला वाटतं. आणि क्षमा नाही म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी, भाकर आणि प्याला पुढे आणायच्या आधीच, तुम्ही मागच्या दाराने निघून जाता. चौदा महिने झाले. तुमचा मुख्य प्रश्न एवढाच: सही न करता मी प्रभुभोजन घेऊ शकते का?

घेऊ शकता. खाली कितीही लांबलचक लिहिलं तरी हे उत्तर बदलणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

पण तुमची खरी अडचण वेगळी दिसते. क्षमा, सही आणि प्रभूचं मेज, या तिन्हींची एकच गाठ कुणीतरी मारून दिली आहे, आणि आता एक धागा ओढला की तिन्ही आवळतात. शिवाय तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात आईबद्दल फक्त ‘भावाजवळ असते’ एवढंच आहे. तिच्याकडे नंतर येतो.

मी एकतीस वर्षं पाळकपण केलं, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यात. पाळकाला पवित्र शास्त्राइतकाच सातबाराही वाचता यावा लागतो, हे सेमिनरीत कुणी सांगितलं नव्हतं. ते मंडळीने शिकवलं, आणि शिकायच्या आधी माझ्या हातून एक चूक झाली. तीच आधी सांगतो.

माझी दुसरीच नेमणूक होती. उपासना संपल्यावर एका बहिणीला तिचे दोघं भाऊ वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, घेऊन आले. टेबलावर अर्पणाची थैली होती, ती बाजूला सरकवून त्यांनी कागद पसरला. बहीण म्हणाली, ‘मला दोन दिवस द्या.’ मी तिला पेत्राची गोष्ट सांगितली, भावाला क्षमा किती वेळा करायची, सात वेळा की सातांच्या सत्तर वेळा. भावाचं पेन चालेना, म्हणून मी माझं दिलं. तिने सही केली, मी प्रार्थना केली, आणि पुढच्या रविवारी भावांनी मंडळीत पेढे वाटले. सहा-सात महिन्यांत ती बाई यायची बंद झाली. पुढे तिची आई गेली, तेव्हा ती थेट कबरस्तानात आली, माती दिली आणि घरी न जाता परत निघाली. फाटकापाशी मी गाठलं तर म्हणाली, ‘पाळकसाहेब, जमीन सोडली मी. पण माफ करायचं राहूनच गेलं.’

यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

आता क्षमेकडे. प्रभूची प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणतो, त्यामुळे तिच्यातला शब्द कानाला लागत नाही. आपल्या मराठी शास्त्रात मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असं आहे. तिथे ‘अपराध’ हा शब्द वापरलेला नाही, ऋण हा वापरलाय. आणि ऋण म्हटलं की रक्कम आली. गावातला किराणा दुकानदार उधारी सोडतो म्हणजे काय करतो? वही उघडतो, नाव काढतो, आकडा बघतो आणि त्यावर आडवी रेघ मारतो. ज्याची वहीच कुणी हिसकावून नेली, त्याने उधारी सोडली असं कुणी म्हणत नाही. त्या बहिणीच्या बाबतीत मी हेच केलं होतं, वही हिसकावली आणि तिच्याकडून ‘सोडलं’ एवढं वदवून घेतलं.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातला तो निर्दय चाकर आठवा. राजाने त्याला दहा हजार तालांतांचं, म्हणजे कधीच न फिटणारं, ऋण सोडलं, आणि त्याने मात्र सोबतीच्या चाकराची शंभर दिनारांसाठी मानगूट धरली. प्रवचनात आम्ही ते शंभर दिनार चिल्लर करून टाकतो. पण एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी झाली. आजच्या रोजाने गुणून बघा, हातावर पोट असलेल्याला ती रक्कम पेलेल का! येशूने ते ऋण खोटं म्हटलं नाही, की ‘तुझं काही येणंच नव्हतं’ असंही म्हटलं नाही. येणं खरं होतं, म्हणून ते सोडण्याला किंमत होती.

तेव्हा तुमचं येणं किती, हे आधी तुम्हाला माहीत पाहिजे. इथे आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो. शेजारीपाजारी ऐकून आपण ‘वडिलोपार्जित’, ‘जन्मतः हक्क’ असे शब्द वापरतो. ते हिंदू कायद्यातले आहेत. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात वडील हयात असताना मुलाचाही हक्क नसतो आणि मुलीचाही. वडील मृत्युपत्र करून सगळं कुणा एकाला देऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही, म्हणून कायद्याने वाटे पडले: एक तृतीयांश विधवा पत्नीला, उरलेले दोन तृतीयांश मुलांना, आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. तुम्ही दोघंच आहात, म्हणजे आईला एक तृतीयांश, भावाला एक तृतीयांश, तुम्हाला एक तृतीयांश. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. प्रत्येकी साडेसव्वीस गुंठ्यांच्या किंचित वर. (गोव्यातल्या कुणी हे वाचलं तर तिथला कायदा वेगळा आहे, हे गणित तिकडे लावू नये.)

आई इथे येते. तुमचा भाऊ ‘माझी जमीन’ म्हणतो, तुम्ही ‘माझा वाटा’ म्हणता, पाळकसाहेब ‘सोडून द्या’ म्हणतात, आणि जिचा तिसरा हिस्सा आहे तिला कुणी विचारलेलंच नाही. मसुदा परत नीट वाचा. माझ्या पाहण्यात असे जे कागद आले, त्यांतल्या बहुतेकांत आईचं नावही सही करणाऱ्यांत होतं, आणि म्हातारीला ते ‘बँकेचं काम आहे’ म्हणून सांगितलेलं होतं. तुमच्याकडे तसं असेलच असं म्हणत नाही. पण बघा.

सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार काढा, आता ऑनलाइनही मिळतात. तुमचं आणि आईचं नाव भोगवटादार म्हणून आहे, की ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललंय, ते बघा. बहिणींना इतर हक्कात टाकायची पद्धत गावोगाव आहे. आणखी एक, आपल्या बऱ्याच कुटुंबांची जमीन जुन्या वतनाची आहे, १९५८ च्या कायद्याने वतनं गेल्यावर परत मिळालेली. तशी असेल तर सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसेल आणि हस्तांतराला सरकारी परवानगीचा प्रश्न येईल. हे वकिलाला दाखवा. माझं ज्ञान इथपर्यंतच.

आता मेजाकडे. तुम्ही ज्या वचनाला भिऊन बाहेर जाता ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं आहे, अयोग्य प्रकारे खाण्यापिण्याबद्दलचं. तो अध्याय थोडा वरून वाचायला घ्या. करिंथात काय चाललं होतं? ज्यांच्याकडे भरपूर होतं ते आधी येऊन खात होते, आणि गरीब मंडळी उपाशी राहत होती. म्हणजे मुळात तक्रार वाट्याचीच आहे. एकाने दुसऱ्याचा वाटा खाल्ला आणि वर प्रभूचं भोजन म्हणवलं, यावर ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल संतापलाय. ज्याचा वाटा गेला त्याला त्याने ‘तू उठ’ म्हटलेलं नाही. आणि आत्मपरीक्षा करायला सांगितल्यावर पौल ‘मग दूर राहावे’ असं म्हणत नाही, ‘मग खावे’ म्हणतो. परीक्षा करा आणि या.

मत्तय पाचमधलं वेदीपाशी देणगी ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याचं वचनही तुमच्या मनात असणार. ते मी हलकं करणार नाही. तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे हे तर उघड आहे, आणि दोन वर्षांत तुम्ही त्याच्या दारात एकदाही गेलेल्या नाहीत. जा. पण समेट दोघांचा असतो. पौल रोमकरांस लिहितो की शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. या वाक्यातले पहिले सहा शब्द आम्ही पाळक लोक गिळून टाकतो. तुमच्याकडून होईल तितकं केलंत की तुमची देणगी वेदीवर चढते. भावाने दार उघडलं की नाही, हा हिशेब तुमच्या नावावर पडत नाही.

तुमच्या पाळकसाहेबांबद्दल दोन शब्द, त्यांना नावं ठेवायला नव्हे, मी स्वतः तिथे उभा राहिलोय. बाराव्या अध्यायात लूक सांगतो, गर्दीतला एक जण येशूला म्हणाला, ‘गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा.’ येशूने उलट विचारलं, मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि मग लोभाबद्दल बोलला, दोघा भावांनी ऐकावं असं. आम्हाला वाटतं ‘सही करून टाका’ म्हटलं म्हणजे आपण वाटणीच्या भानगडीत पडलो नाही. खरं तर ‘सही करा’ म्हणणारा वाटणी करूनच मोकळा होतो, एकाला सगळं आणि एकाला शून्य. ‘भावाभावांनी कोर्टात जाऊ नये’ हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं वचनही तुम्हाला ऐकवतील. ऐका. आणि त्याच्या पुढचं आठवं वचन नम्रपणे दाखवा, त्यात लुबाडणाऱ्या भावांनाही पौलाने सोडलेलं नाही.

वाटा मागणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं मनात असेल तर गणनाचा सत्ताविसावा अध्याय काढा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं वतन जाणार होतं. त्या कुठे जाऊन उभ्या राहिल्या? दर्शनमंडपाच्या दारात, मोशे, याजक, सरदार आणि अख्ख्या मंडळीसमोर. आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे, असं देवाने मोशेला सांगितलं. त्यांची परिस्थिती तुमच्यासारखी नव्हती, तुम्हाला भाऊ आहे, हे मला ठाऊक आहे. मला फक्त ते दार दाखवायचं होतं. त्या वाटा मागायला उपासनेच्या दारात आल्या, आणि तुम्ही वाटा सोडला नाही म्हणून त्याच दारातून बाहेर जाताय.

आतापर्यंत सगळं तुमच्या बाजूने झालं. आता जरा दुसरी बाजू.

एक वही घ्या आणि दोन रकाने पाडा. एकात तुमचं येणं, वर सांगितलं तसं. दुसऱ्यात भावाचं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्री कोण जागलं? दवाखान्याचे पैसे कुणी भरले? घराचं छत कुणी बदललं? आईला आंघोळ कोण घालतं? (हे भावजयीच्या नावावर लिहा, भावाच्या नव्हे.) तुमच्या शिक्षणाला, लग्नाला काय लागलं तेही लिहा, पण खरं लिहा, ‘लग्नात दिलं ना सगळं’ म्हणून वाटा फेडल्याचा जो आकडा सांगतात तो मी आजवर कुठल्याही वहीत बसताना पाहिलेला नाही. हा रकाना लिहिताना राग उतरतो, असा माझा अनुभव आहे. निदान त्याचा आकार कळतो.

एका घरी हे मी समोर बसून करून घेतलंय. त्या भावाने मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर खर्च लिहायला घेतला. दवाखाना, औषधं, विहिरीची मोटर. मग लिहिलं ‘आईचं जेवण’, आणि थांबला. बराच वेळ पेनाचं टोक तिथेच होतं. मग त्याने ती ओळ खोडली आणि म्हणाला, ‘हे नको.’ पुढचा सगळा व्यवहार त्या खोडलेल्या ओळीमुळे झाला. बहिणीने शेताचा वाटा भावाला दिला, घरातली रस्त्याकडची खोली स्वतःच्या नावावर ठेवली, आणि आई हयात असेपर्यंत तिला घरातून कुणी हलवणार नाही, तिचा हिस्सा तिच्याच नावावर राहील, असं कागदावर घातलं. आता ती बहीण दर नाताळाला त्या खोलीत उतरते. भावजय कुरकुर करते म्हणे. करू दे.

तुम्ही काय करावं हे मात्र मी ठरवू शकत नाही, बरंच काही मला माहीत नसलेल्या गोष्टींवर आहे. तुम्हाला त्या जमिनीची गरज आहे का, घरात कमावतं कोण आहे, भावाचं पोट तेवढ्यावरच आहे का, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे का आणि सहीची घाई त्या कर्जामुळे तर नाही ना. पूर्ण वाटा घ्या, थोडा घ्या किंवा सगळा द्या, तिन्ही ख्रिस्ती माणसाला शोभणाऱ्या गोष्टी आहेत. द्यायचा तर देणगी म्हणून द्या, आकडा माहीत असताना, आईची सोय लिहून घेऊन, आणि नवऱ्याशी-मुलांशी बोलून. बोलणं परत सुरू व्हावं म्हणून दंड भरल्यासारखा देऊ नका. तसं विकत घेतलेलं बोलणं फार दिवस टिकत नाही. हक्कसोड पत्राची एकदा नोंदणी झाली की ते फिरवणं महाकठीण, म्हणून ‘मला दोन दिवस द्या’ असं म्हणावंसं वाटलं तर दोन महिने घ्या. मध्येच जमीन परस्पर विकायची हालचाल दिसली तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. त्याने क्षमेला बाध येत नाही.

क्षमा झाली की नाही हे ओळखायचं कसं, असं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. माझ्याजवळ एकच खूण आहे, तीही शास्त्रातली नाही, सवयीतली आहे. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत भावाचं नाव घेता येतं का बघा. ‘त्याचं मन बदल’, ‘त्याला समज दे’ असलं काही न जोडता, मुलांची नावं घेतो त्या ओळीत, नुसतं नाव. पहिले काही दिवस घशात अडकेल. एका बाईंना चार महिने लागले. ज्या दिवशी अडकलं नाही, त्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं, आणि त्यांचा दिवाणी दावा तेव्हा चालूच होता.

क्रम असा ठेवा. येत्या पहिल्या रविवारी नेहमीच्या बाकावर बसून राहा, उठू नका. पाळकसाहेबांना आधी भेटून सांगा की मी येणार आहे, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं होणार नाही. वही त्याच आठवड्यात लिहा. मग भावाकडे एकट्या जा, मत्तय अठरामध्ये ‘एकांती’ म्हटलंय ते याचसाठी. नवऱ्याला आणि वकिलाला पहिल्या भेटीत नेऊ नका. जमलं नाही तर दोघांचा विश्वास असलेला एखादा वडीलधारा घेऊन दुसऱ्यांदा जा. आत्या, मामा, जुने मास्तर, कुणीही. पाळकच पाहिजे असं नाही.

पण त्या सगळ्याच्या आधी आज संध्याकाळी आईला फोन करा. चार वाजता करा, म्हणजे ‘झोपली आहे’ म्हणता येणार नाही. सहीचा विषय काढू नका. मागच्या दाराचा शेवगा आहे का अजून, शेंगा लागल्या का, एवढंच विचारा. भावाने उचलला तर तो ठेवायच्या आत त्यालाच विचारा, जेवलास का.